ऑब्जेक्ट तयार होईना

मी मूळची कासार आंबोलीची, रंजना माझं नाव. घरची भाताची खाचरं, आमी तिघी बहिणी, मी मधली. बारावीनंतर पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, तर वडील विचारायचे, टायपिंगच ना गं ते, मी म्हणायची व्हय, तसलंच. मग लग्न होऊन जांब्याला आले. हितं तवा शेताच्या कडंनं खोल्या बांधायचं सुरू झालेलं, हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं भाड्यानं ऱ्हायला यायची, सासूबाई म्हणायच्या, भाडेकरूंचं बघायला माणूस पायजे, नोकरी कशाला. ह्यांनी आईला समजावलं, करू दे थोडे दिवस, न्हाई जमलं तर बसंल घरी. सासूबाई काय लई खूश न्हवत्या, पण डबा मात्र त्याच भरून द्यायच्या, ते सांगायला पायजे.

मला नोकरी लागली ते हापिस म्हंजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. आमी वेबसाइटी करायचो.

आता मधीच सांगते, माझ्या थोरल्या जाऊबाई, मंदावहिनी, त्यांना बाळंतपणात रक्त लागलं. गट असा की लवकर मिळत न्हाई. हे आन् भाऊजी मोटरसायकलवर एका रक्तपेढीतनं दुसरीत, तितनं तिसरीत, जाईल तितं म्हणायचे आमच्याकडं न्हाई, तिकडं बघा. शेवटी मिळालं. वहिनी वाचल्या, बाळ न्हाई वाचलं. पुन्हा घरात कुणी तो विषय काढला न्हाई.

तर हापिसात एका रक्तपेढीचं काम आलं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या हायेत ते घरबसल्या वेबसाइटवर दिसायला पायजे. मी आपणहून म्हणलं, सर, हे मला द्या. आमचे सर लातूरकडचे, म्हणाले घे, पण वेबसाइटीच्या उद्घाटनाच्या आत झालं पाहिजे, न्हाईतर ते लोक दुसऱ्याकडं जातील.

काय सांगू तुम्हाला, काम दिसायला सोपं होतं. पेढीत साठ्याचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम जुनाच होता, जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. माझ्या पानाच्या स्क्रिप्टनं, म्हंजे पानामागच्या बारक्या प्रोग्रामनं, त्यातल्या क्लासला हाक मारायची, आकडे घ्यायचे, दाखवायचे. क्लास म्हंजे साचा धरा, त्यातनं ऑब्जेक्ट तयार करायचा, आन् तयार होताना जे पहिलं काम चालतं त्याला कन्स्ट्रक्टर म्हणत्यात. माझ्या मशीनवर सगळं झ्याक चाललं. सर्व्हरवर, म्हंजे जितनं पान सगळ्यांना दिसणार त्या मशीनवर, चढवलं आन् पानावर एकच ओळ, ऑब्जेक्ट तयार होत न्हाई, कन्स्ट्रक्टरमधी चूक. बस्स, कसली चूक ते न्हाई.

मी फाइलचा रस्ता तपासला, बरोबर. जावाची आवृत्ती बघितली, तीच. कन्स्ट्रक्टरला काय द्यावं लागतंय का बघितलं, काय नको. सर म्हणाले, अगं सर्व्हरच बिघडलाय. मग मी स्वतः एक बारका क्लास लिहिला, आत काय सुदिक न्हाई, आन् त्याला हाक मारली तर तो लगेच तयार झाला. म्हंजे सर्व्हर चांगला, रस्ता चांगला, त्या जुन्या क्लासच्याच पोटात काय तरी हाय. पण पोटातलं दिसणार कसं, आमच्याकडं नुसता तयार माल, मूळ लिखाण न्हवतंच.

पेढीत विचारलं तर कळलं, तो प्रोग्राम लिहिणारे काका निवृत्त होऊन सूसला सोसायटीत ऱ्हायला आलेले. ह्यांच्या गाडीवर बसून गेले. काकांचा गुडघा दुखत होता, पाय स्टुलावर ठेवून बसलेले, पहिलं हेच म्हणाले, माझा प्रोग्राम इतकी वर्षं चालतोय, चूक तुमच्या स्क्रिप्टची असणार. मी म्हणलं असंल काका, पण माझा क्लास तितं तयार होतोय, तुमचा होत न्हाई, तेवढं का ते सांगा. काकूंनी चहा आणला. मग काकांनी जुन्या डब्यातनं एक सीडी काढली, कॉम्प्युटर लावला, आमी दोघं वरनं खाली वाचत आलो. आन् काका एकदम म्हणाले, अरे देवा, ती खिडकी!

झालं असं की पेढीतल्या माणसानं प्रोग्राम उघडला की पहिल्यांदा स्क्रीनवर नाव विचारणारी खिडकी यायची, आन् ती काकांनी कन्स्ट्रक्टरमधीच घातलेली. माझ्या मशीनवर स्क्रीन होता, खिडकी बाकीच्या खिडक्यांच्या मागं उघडून पडायची, मला दिसली बी न्हाई. सर्व्हरला स्क्रीनच न्हाई. खिडकी उघडायला गेला की प्रोग्राम तितंच मरायचा. काका म्हणाले, मी लिहिलं तवा कोण म्हणलं असतं की बिनस्क्रीनच्या मशीनवर चालवायचंय म्हणून. मी म्हणलं, कुणीच न्हाई. त्यांनीच खिडकीचा भाग काढून वेगळा केला, कन्स्ट्रक्टर मोकळा ठेवला, सीडी करून दिली. निघताना म्हणाले, चाललं की फोन कर हां पोरी.

चाललं. फोन केला, तर काकूंनी उचलला आन् आतल्या खोलीत ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

त्या रविवारी भाडेकरू पोराच्या कॉम्प्युटरवर मी घरात सगळ्यांना पान दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, हे तू केलंस व्हय? मंदावहिनी मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, माझा गट दाखव. मी दाखवला. चार पिशव्या. वहिनी बघत ऱ्हायल्या, म्हणाल्या, तवा असतं तर. आन् भाकरी टाकायला आत गेल्या. मी बी उठून गेले, पीठ मळून दिलं.

आता त्या पेढीनं नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, माझं पान, काकांचा क्लास, सगळं काढून टाकलं. मला वाईट न्हाई वाटलं, हे काम असंच असतंय, कामाचं होतं तवर चाललं. त्या पानावर बघून कोण कुणासाठी धावत गेलं, मला ठाऊक न्हाई, ठाऊक व्हायचं बी न्हाई. ती माणसं जितं असतील तितं लेकराबाळांसकट सुखात ऱ्हावीत, एवढंच.