नऊ दिवस बंद फळी

रामिरो : आजारी आहे म्हणून निरोप धाडणारा पाटकरी एवढा डोंगर चढून दगडावर बसून चीज खात नाही, सातुर.

सातुर्निनो : मी खातोय. तू कशाला आलास ते बोल.

रामिरो : नऊ दिवस झाले. बर्फ वितळतंय, पाट तुडुंब वाहतोय, आणि डोंगरात पाणी जिरवायची फळी तू बंद करून ठेवलीस. सगळं पाणी सरळ नदीला चाललंय. आत्ता मे महिन्यात ते डोंगरात मुरलं नाही तर ऑगस्टमध्ये झरे काय ओकतील, माती?

सातुर्निनो : फळी कधी उघडायची ते पाटकरी ठरवतो. अरबांच्या काळापासून. खालच्या गावानं वरच्याला शिकवू नये.

रामिरो : पाटकरी ठरवतो. रुसत नाही.

सातुर्निनो : पाटातला गाळ काढायला पूर्वी वीस माणसं यायची. यंदा दोघंच होतो, मी आणि माझं गाढव. तू कुठं होतास?

रामिरो : ग्रानादाला. जॅमच्या बरण्या घेऊन.

सातुर्निनो : हां, बरण्या. माझ्या बायकोनं आणली एक. जेवताना मुद्दाम माझ्याकडे तोंड करून ठेवली. 'रामिरोच्या झऱ्यावरची चेरी.' झरा काय तुझ्या बापानं घडवला? इथं कंबर मोडून डोंगराच्या पोटात पाणी घालतो मी. दोन-तीन महिन्यांनी ते तुझ्या दारात निघतं, आणि नाव तुझं.

रामिरो : म्हणजे हे सगळं एका लेबलापायी?

सातुर्निनो : पोटात दुखतं माझ्या, लपवत नाही. गावच्या सणाला तुझ्या टोमॅटोभोवती ही गर्दी. पाद्री म्हणे, रामिरोच्या हाताला गुण आहे. हात! मी तिथंच उभा होतो, माझे हात घेऊन. म्हटलं, यंदा येऊ दे याला वर. टोपी काढून मागू दे.

रामिरो : मागायला नाही आलो. मी बोअर मारली.

सातुर्निनो : काय मारली?

रामिरो : एकशेचाळीस मीटर. परवानगी दोन वर्षं कपाटात पडून होती, वापरायची नव्हती. चार दिवस तुझी बंद फळी बघितली आणि मशीन बोलावलं. तीन दिवस पंप चालवला.

सातुर्निनो : मग खिजवायला चढलास होय.

रामिरो : तुझ्या आईचा फोन आला. तुमच्या चौकातल्या हौदाची धार करंगळीएवढी झालीय म्हणाली. घागर भरायला अर्धा तास लागला तिला.

सातुर्निनो : आईनं तुला फोन केला? मला सोडून?

रामिरो : तू उचलत नाहीस म्हणाली.

सातुर्निनो : पंप बंद कर.

रामिरो : करून आलोय. पण चेरी भरात आहे, आठवड्यानं पुन्हा लावावाच लागेल. डोंगर एकच आहे, सातुर. तू वरून घालत नाहीस, मी खालून ओढतोय, आणि मध्ये म्हातारी उभी.

सातुर्निनो : म्हणजे मी फळी उघडून तुझीच बोअर भरायची.

रामिरो : माझी भरेल तेव्हाच तिचा हौद भरेल. दुसरी वाट असेल तर सांग.

सातुर्निनो : नसते तुझ्या वेळेला दुसरी वाट. कधीच नसते.

(सातुर्निनो उठून फळीला हात घालतो.)

सातुर्निनो : बघतोस काय? लाकूड फुगलंय. ते टोक धर.

रामिरो : धरलं. ओढ.

सातुर्निनो : आणि आईला मी सांगेन. तू फोन करू नकोस.