एक अक्षर

(अमरावती. ज्योत्स्नाचं पत्रिका तयार करण्याचं दुकान. समोर अकोल्याहून आलेले धर्मपाल इंगळे, हातात ज्योत्स्नानं केलेला, पत्नी इंदूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या (मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या) पत्रिकेचा नमुना.)

धर्मपाल : इंदू गेली त्याच दिवशी तिच्या मोबाइलवर तुमचा फोन आला. ‘बाई, आज शनिवार, आल्या नाही?’ मी म्हटलं, सकायीच गेली. तं तुमी रडल्या. आपली काई ओयख नाही. रडल्या काहून?

ज्योत्स्ना : मी त्यांची विद्यार्थिनी, काका. चौथीला त्याच होत्या मला.

धर्मपाल : मले तं सांगे, अमरावतीले गुडघ्याच्या डाक्टरकडे जातो. दोन वर्षं. गुडघा काई बरा झाला नाही.

ज्योत्स्ना : इथं यायच्या.

धर्मपाल : अन् पत्रिकेवर नुसतं ‘इंदूबाई’? चायीस वर्षं माह्या आडनावानं राहिली थे. आडनाव कोनं काढलं? तिनंच सांगतलं काय?

ज्योत्स्ना : नाव नीट पाहा आधी. अक्षर ओळखता?

धर्मपाल : उभी रेघ जाड... मुडपते तिथं केसावानी बारीक. हे तं तिच्या बोरूचं हाय! चोरलं तुमी?

ज्योत्स्ना : त्यांनीच दिलं. त्या कागदावर काढायच्या, मी कॉम्प्युटरवर त्याचा फॉन्ट करायची. साडीच्या दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, असा मोठाच शोभतो तो. लहान केला की बारीक रेघ तुटते. म्हणून खालचा पत्ता साध्या अक्षरात आहे.

धर्मपाल : मंग मले लपवलं काहून?

ज्योत्स्ना : म्हणायच्या, पुरा झाल्यावर दाखवीन. अर्धा दाखवला तर हे हसतील.

धर्मपाल : एकडाव हासलो होतो. म्हटलं, म्हातारपणी बाराखडी गिरवून राहिली काय? ...अर्धा म्हंजे? काय राहिलं?

ज्योत्स्ना : तुमचं आडनाव सांगा बरं.

धर्मपाल : इंगये.

ज्योत्स्ना : ‘ळ’ म्हणा.

धर्मपाल : इंग... इंगये. मजाक करून राहिल्या काय? आमच्याकडे डोयाच म्हंतात अन् शायाच म्हंतात.

ज्योत्स्ना : बाई म्हणायच्या, सगळ्या वर्गाकडून ‘ळ’ म्हणवून घेतला, घरातल्या एका माणसाकडून नाही जमला. ही त्यांची फाइल. सगळे ‘ळ’. एकही पसंत पडला नाही. डावा गोळा उजव्यावर भारी होतो म्हणायच्या.

धर्मपाल : बाप्पा! एवढे? हा तं चांगला दिसते.

ज्योत्स्ना : त्याच्यावर त्यांची फुली आहे, काका. मी दुसऱ्या फॉन्टचा ‘ळ’ बसवून पाहिला होता. हा बघा.

धर्मपाल : पाहुणा दिसते. हटवा त्याले.

ज्योत्स्ना : मग आडनाव?

धर्मपाल : ‘इंदूबाई’ एवढंच छापा. कोनी इचारलं तं सांगीन, आडनाव कोनी काढलं नाही. एक अक्षर काढायचं राहिलं.