टबात राहिलेलं पाणी

मोरिवाकी : टब भरलेलाच आहे की, कुराता-सान. बरं झालं, भरायचा वेळ वाचला. बूच काढतो आणि बघतो, धुण्याच्या मशीनच्या नव्या पाइपातून पाणी उलटं वर येतंय का.

बाबा : राहू द्या. झाकण लावा.

मोरिवाकी : दोन्ही पाइप जमिनीच्या फळ्यांखाली एकाच ठिकाणी जोडलेत. टब एकदम सोडून पाहिल्याशिवाय फळ्या कशा ठोकू?

बाबा : बादलीने ओता.

मी : बादलीने काय कळणार, बाबा? आणि हे तर गार पडलंय. कधीचं आहे?

बाबा : आहे आपलं.

मी : तुम्ही रोज गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जाता. तिथे गुडघे शेकतात म्हणालात. काल मी नागोयाहून आले, तर मलाही टॉवेल देऊन तिकडेच पाठवलंत.

बाबा : तिकडचं पाणी चांगलं आहे.

मी : बाबा.

बाबा : तिचं आहे. आदल्या रात्रीचं. आधी मी उतरलो, मग ती.

मी : आईला जाऊन एकवीस दिवस झाले.

बाबा : सकाळी धुण्याला घेणार होती.

मोरिवाकी : आमच्याकडेही तसंच. अंग बाहेर धुऊन मगच टबात उतरायचं, पाणी नितळच राहतं. टाकवत नाही.

बाबा : टबातलं पाणी ओढायच्या पंपाची नळी तिने खिडकीतून बाहेर सोडली आणि टोपली घेऊन मागे अंगणात मशीनकडे गेली. पागोळ्यांचा बर्फ झाला होता खाली, त्यावरून घसरली. मी बातम्या बघत होतो. संपल्या तेव्हा उठलो.

मी : हे फोनवर सांगितलं होतंत.

बाबा : बातम्यांचं नव्हतं सांगितलं.

मोरिवाकी : मी जरा बाहेर थांबू का?

बाबा : थांबा इथेच. तुम्हाला तर सगळं माहीत आहे.

मोरिवाकी : सगळं नाही. फुमिए-सान दुकानात आल्या होत्या एवढंच. सहा वर्षं झाली असतील. मशीन आत घ्यायचंय म्हणाल्या. मापाची सुतळी आणली होती, गाठी मारलेली. मी म्हटलं, उद्याच येतो. तर म्हणाल्या, थांबा, आधी घरात विचारते.

बाबा : मी म्हटलं, फळ्या चांगल्या आहेत, कशाला कापायच्या.

मी : पुन्हा विचारलं तिने?

बाबा : दर थंडीत.

मोरिवाकी : सुतळी खिळ्याला तशीच अडकवलेली होती. आज त्या सुतळीनेच मापून कापलं. केसाचा फरक नाही.

मी : एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला सगळे येतील, बाबा. आत्या मुक्कामाला असणार. तिलाही टॉवेल देऊन गल्लीत पाठवाल?

बाबा : ती गेलीच तर परत येऊन गावभर सांगेल.

मी : मग?

बाबा : असंच गटारात सोडायचं? तिने एक तांब्या कधी वाया घालवला नाही.

मी : नका सोडू. त्या दिवशीची टोपली कुठे आहे?

बाबा : जिन्याखालच्या कपाटात. माझेच बनियन आहेत. बाहेर बर्फावर सांडून भिजले, गोठून फळीसारखे झाले होते, तसेच आणून ठेवले.

मी : मोरिवाकी-सान, हे पाणी मशीनमधून गेलं तर तुमची चाचणी होईल ना?

मोरिवाकी : नव्या पाइपाची होईल. टबात उरेल ते मात्र बूच काढूनच सोडावं लागेल. थोडा वास मारतंय हं, नंतर दोनदा खळबळा.

बाबा : धुवायला हे, खळबळायला नळाचं. एवढं येतं मला.

मी : पावडर किती घालायची?

बाबा : ते नाही येत.

(पंप घरघरतो. टबातलं पाणी चार बोटं खाली जातं. मशीन फिरू लागतं.)

मोरिवाकी : सुटलं बघा पाणी. जोड कोरडा आहे. उलटं काही येत नाही. आता बूच काढू?

बाबा : धुणं होऊ दे. मग मी काढतो.

मी : तोवर आत बसा तुम्ही. झालं की हाक मारते. टीव्ही लावून देऊ?

बाबा : नको. इथून सगळं ऐकू येतंय.

मी : आतल्या खोलीतही येईल.

बाबा : हो ना. मशीन मागे होतं तेव्हा मला काहीच ऐकू यायचं नाही.