बंद मशीनचं तेल

“मशीन बंद असली तरी तिला तेल घालत जा गं, नाहीतर रुसून बसेल.” कारखाना बंद पडला तेव्हा मुकादमबाई जाता जाता असं म्हणाल्या होत्या. शर्टांना काज करणाऱ्या वहिनीला बसमध्येही ते आठवत होतं. शेजारी नणंद होती.

“वहिनी, पिशवीत पुन्हा तेलाची बाटली?”

“असू दे गं. रखवालदार घटकाभर आत सोडतो मला.”

“उद्यापासून गोदामात खोकी भरायला जायचंय ना? मग या मशीनचे लाड कशाला?”

“बाईंना शब्द दिलाय. ऑर्डर आली की पहिलं काज माझ्याच मशीनवर.”

“येतेय तुझी ऑर्डर! शर्ट जातात त्या परदेशातल्या सरकारनं आपल्या मालावर कर वाढवलाय.”

पुढच्या बाकावरच्या आजींनी मान वळवली. “कर तिकडे वाढला, मग कारखाना इकडे का गं बंद?”

“करामुळे आमचा शर्ट तिकडे महाग झाला, आजी. गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळलं.”

“आणि कर उतरला तर?”

“मालक म्हणतात, बोलावू.”

“म्हणायला त्यांचं काय जातंय!” नणंद म्हणाली.

“गोदामात पगार मिळेल गं. पण सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की पायाखालची फरशी थरथरायची. आता घरात उभी राहिले तरी पाय तेच शोधतात.”

नणंदेनं बाटली काढली, झाकण घट्ट केलं आणि परत पिशवीत ठेवली.

कारखान्याचा थांबा आला.

“अहो कंडक्टर, थांबा जरा,” आजींनी हाक दिली, “कामावरची बाई उतरतेय.”

वहिनी उतरली आणि पिशवी छातीशी धरून बंद फाटकाकडे चालू लागली.