आदर्श मातेचा पट्टा

सन्माननीय अध्यक्ष म्हणजे आमचे सरपंच बाळासाहेब, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते बाळंतिणींच्या आरोग्य प्रकल्पाचे प्रमुख सुदर्शनसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर लेकरं घेऊन बसलेल्या माझ्या मैत्रिणी आणि मागं जेवणाकडं कान लावून बसलेले समस्त बंधू! मी बोरी बुद्रुकची अंजना. आत्ताच मला ‘आदर्श माता’ म्हणून शाल मिळाली. प्रकल्पानं आम्हा बाळंतिणींच्या मनगटावर बांधलेल्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त विश्रांती माझी भरली म्हणे. पट्टा लई हुशार आहे हो. ठोके मोजतो, झोप मोजतो. फक्त हात कोणाचा, ते विचारत नाही.

झालं असं, की बारसं उरकलं आणि टोमॅटोचा तोडा आला. मजूर मिळंना, नारायणगावला बाजार चढलेला. मग घरात रिकामे हात कोणाचे? बाळंतिणीचे! मी शेतात, बाळ सासूबाईंजवळ. पाजायला तेवढं पळत यायचं. पण साहेबांनी आईच्या पट्ट्याची आणि बाळाच्या पायातल्या मोज्याची जोडी लावलेली. दोघांत अंतर पडलं की लगेच ऑफिसातून फोन, "ताई, बाळाजवळ थांबा." शेवटी सासूबाई वैतागल्या. "आण इकडं! बाळाजवळ मी हाय, तर पट्टा बी मीच घालते." आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा बरं?

मग फोन बदलले. "ताई, धडधड वाढलीय, पडून राहा." आमच्या सासूबाईंना, बयाबाईंना, उभ्या जन्मात कुणी पडून राहा म्हटलं नव्हतं. त्या पडल्या. साहेबांचा शब्द मोडायचा कसा?

एका दुपारी पट्ट्यातले ठोके फारच बिघडले, म्हणून ऑफिसानं धाडलेली ॲम्ब्युलन्स दारात आली. माझ्या अंगात हुडहुडी भरलेली, तशीच बांधावरून पळत आले. डॉक्टरांनी विचारलं, "बाळंतीण कुठंय?" सासूबाईंनी हात वर केला. डॉक्टरांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मग मोबाइलकडं बघितलं आणि मोबाइलचं ऐकलं. सासूबाई स्ट्रेचरवर. मला म्हणाले, "तुम्ही नातेवाईक ना? मागं बसा." बसले बाळ घेऊन.

दवाखान्यात सही घेताना नर्सबाईंचा हात माझ्या हाताला लागला. "अगं बया, तू तर नुसती भाजतीयेस!" बाळंतपणानंतरचा ताप अंगात मुरला होता. आणखी उशीर झाला असता तर लेकरू आईवाचून राहिलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सासूबाईंच्या हृदयाचं दुखणं मात्र वेळेत सापडलं. साहेब, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार, आणि हा टोमणा नाही. मला त्या हव्यात.

पण मघाशी तुम्ही अहवाल वाचलात, "या भागातील मातांना घरी पुरेशी विश्रांती मिळते." सगळ्यांत जोरात टाळ्या अध्यक्षांनी वाजवल्या. ते माझे चुलत सासरे. आमचा तोडा त्यांच्याच शेतात असतो. माझी जाऊ हर्षाली पुढच्या महिन्यात बाळंत होईल. तेव्हाही टोमॅटो लाल असणारच. ती थकले म्हणाली, तर घरचे म्हणतील, "साहेबांनी लिवलंय, लई आराम हाय तुमाला!" म्हणून हात जोडते साहेब, जायच्या आधी तेवढं वाक्य खोडा. ही शाल सासूबाईंना घाला, विश्रांती त्यांनीच घेतली.

मामंजी, राग मानू नका. सभेत बोलायची मला सवय न्हाई. काही वेडंवाकडं गेलं असेल तर लेक समजून पोटात घाला. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. मागच्या पडद्यावर आमच्या पट्ट्यांचे आकडे दिसतायत, त्यात माझ्या नावापुढं लाल दिवा लागलाय, ठोके वाढलेत. बरोबर आहे, साहेब. आज पट्टा माझ्याच हातात आहे.