मिठाच्या पाण्यात तरंगलं ते

किन्हवलीकडच्या आमच्या सखूकाकींचं ऐका. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सुनेला दिवस गेले नव्हते, म्हणून काकींनी तिला कायमची माहेरी धाडायचं ठरवलं. पिशवीसुद्धा दाराशी भरून ठेवलेली. मी गावची आशाताई, समजवायला गेले. काकी अंगणात भाताचं बियाणं घमेल्यातल्या मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं पोचट काढत होत्या. लेक रमेश ओटीवर बिडी ओढत बसलेला.

मी म्हटलं, "काकी, तपासणी दोघांची लागते. बिडीनं पुरुषाचं बीज कमजोर होतं."

"माझ्या रमेशला काय झालाय गो? धडधाकट हाय तो!"

"मग हे बियाणं कशाला तपासता? पीक नाय आलं तर शेत बदला की!"

काकींचा हात पाण्यातच थांबला.

"आये, हिचं काय ऐकतेस?" रमेश ओरडला.

काकी उठल्या. त्याच्या खिशातलं बिडीचं बंडल काढून त्यांनी घमेल्यात टाकलं. "उद्या शहापूरच्या दवाखान्यात पहिली तपासणी तुझी."

सुनेनं गुपचूप पिशवी आत नेली. काकी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "बघ रे, हे पण तरंगलं!"