शेरा : जिना स्वतः चढून आले

मी, पद्मिनी नरहर आठल्ये, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी, हुद्दा वरिष्ठ लिपिक, केंद्र सरकारचे पेन्शन कार्यालय, राहणार इंदिरा नगर, लखनौ, आज दिनांक २१ सप्टेंबर १९८२ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे वडील रेल्वेत इंजिनियर होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही १९५१ साली लखनौला आलो. मला हिंदी लिहितावाचता येते. तरी हा जबाब मी मराठीत देत आहे, कारण तो ज्यांच्याबद्दल आहे ते माझ्याशी मराठीत बोलत असत. माझे शेजारी प्राध्यापक मधुकर देवस्थळे यांनी त्याचा हिंदी तर्जुमा ठाण्याचे फौजदार, म्हणजे दरोगाजी, यांना करून दिला आहे.

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, दि. १५ सप्टेंबर रोजी मी सव्वीस फायलींवर डॉक्टरांचा शिक्का मारून 'अपंगत्व कायमचे, पुन्हा तपासणी नको' असे लिहिले. हे खरे आहे. अक्षर माझे आहे. मला कोणी तसे सांगितले नव्हते आणि मी कोणाकडून काही घेतलेले नाही.

नोकरीत जखमी झालेल्यांना अपंगत्वाचे पेन्शन मिळते. दर तीन वर्षांनी मंगळवारी डॉक्टर त्यांची तपासणी करतात. निवृत्तीचे वय उलटून गेलेल्यांनाही यावे लागते. तपासणी दुसऱ्या मजल्यावर होते. जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. दाराशी माझे टेबल आहे. आलेल्याचे नाव, वेळ आणि तो कसा आला हे मी लिहिते.

श्री. सदाशिव खांबेटे, वय ७१, राहणार चिनहट, हे रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. १९५४ साली कामावर असताना त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला होता. ते लाकडी पाय लावत. दि. ९ मार्च १९८२ रोजी ते पत्नी यमुनाबाई यांच्यासह सकाळी दहा वाजता आले. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिले. यमुनाबाई हात देत होत्या, तो ते घेत नव्हते. वर पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. सदरा भिजला होता. मी पाणी दिले. ते म्हणाले, "तुम्ही आपल्याकडच्या का? बरं वाटलं. पाय उगवला की नाही हे बघायला बोलावलंय, म्हटलं दाखवून यावं." मी हसले.

नोंदीत मी लिहिले, 'जिना स्वतः चढून आले.' किती वेळ लागला ते लिहिले नाही. तेवढी जागा रकान्यात होती.

डॉक्टरांनी लाकडी पाय काढायला सांगितला नाही. त्यांनी माझी नोंद वाचली आणि अपंगत्व कमी झाल्याचा अभिप्राय दिला. एप्रिलपासून पेन्शन थांबले.

खांबेटे यांनी अपील केले. दि. २० जुलै रोजी त्यांना पुन्हा बोलावले. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास चपराशी सांगत आला की एक म्हातारे गृहस्थ खाली बसले आहेत, वर येत नाहीत. मी खाली गेले. ते पहिल्या पायरीवर बसले होते. यमुनाबाई शेजारी उभ्या होत्या.

मी म्हटले, "काका, वर यावं लागेल. हजेरी वरच लागते."

ते म्हणाले, "ताई, चढलो तर पाय बरा, आणि नाही चढलो तर गैरहजर. तुम्हीच सांगा, काय करू?"

मी वर जाऊन डॉक्टरांना खाली येण्याची विनंती केली. नियमात तशी सोय आहे. ते म्हणाले, "एक के लिए उतरूँगा तो सबके लिए उतरना पड़ेगा." आमचे मुख्य लिपिक, बडे बाबू, यांनी मला जागेवर बसायला सांगितले. मी बसले. एक वाजता डॉक्टर गेले. मी रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहिले. खिडकीतून खाली पाहिले तेव्हा ते दोघे रिक्षाची वाट पाहत होते.

अपील फेटाळल्याचे पत्र मीच टाइप केले. ते दि. १३ सप्टेंबर रोजी परत आले. पाकिटावर पोस्टमनने लिहिले होते की इसम मयत आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन चिनहटला गेले. खांबेटे दि. २९ ऑगस्ट रोजी हृदयविकाराने वारले होते. ते कशामुळे झाले हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. यमुनाबाईंनी मला बसायला पाट दिला, चहा केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पेन्शन गेल्याचं ते बोलले नाहीत. लबाड ठरवलं, हे मात्र रोज बोलायचे. पाय गेला तेव्हाही एवढे खचले नव्हते." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "चढून आले असं कुणी लिहिलं हो? आम्हाला कळलंच नाही." मी म्हटले, "कार्यालयात लिहितात." चहा संपवून मी निघाले.

दि. १५ रोजी मी कपाट उघडून साठ वर्षांवरील सर्वांच्या फायली काढल्या. कोणाचा हात नाही, कोणाचे दोन्ही डोळे नाहीत. पुढच्या मंगळवारपासून त्यांना बोलावणी जाणार होती. शिक्का टेबलावरच असतो. दुपारी दोन ते साडेतीन मी लिहीत होते. दार उघडे होते. बडे बाबू आत आले तेव्हा सव्विसावी फाइल समोर होती. ती मी पुरी केली.

त्या नोंदी आता रद्द केल्या आहेत, असे मला कळवण्यात आले आहे. मी निलंबित आहे.

दरोगाजींनी विचारले, आणखी काही सांगायचे आहे का. मी म्हटले, दि. ९ मार्चची नोंदही माझीच आहे, ती लिहून घ्या. ते म्हणाले, "उसकी तो किसी ने शिकायत नहीं की है, बहनजी." मी म्हटले, तरी लिहा. जिना चढायला पन्नास मिनिटे लागली होती, हेही लिहा. त्यांनी लिहिले.

वरील मजकूर मला मराठीत व हिंदीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे. म्हणून खाली सही करते.

पद्मिनी नरहर आठल्ये